आडात असेल तरच पोहऱ्यात येईल
घरच्या घरी गिटारीचं गाणं रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी, आणि न करणाऱ्यांसाठीही

या पानावर माझं नाव दिसलं की कांद्यावरचा करपा, कपाशीवरची बोंडअळी किंवा ठिबकच्या अनुदानाचे कागद यांपैकी काहीतरी असणार, हे तुम्ही धरूनच चालता. आज मात्र विषय वेगळा आहे. आज गाण्याविषयी लिहायचं आहे, आणि तेही गिटारीच्या गाण्याविषयी. "साहेबांना काय झालं?" म्हणून पान उलटू नका. या विषयाचा तुमच्या घराशी आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी संबंध आहे. तो कसा, ते पुढे येईलच.

झालं असं. मागच्या हंगामात शेवगाव तालुक्यातल्या एका गावात शिवारफेरी होती. फवारणीचं बोलणं झालं, चहा झाला, मंडळी पांगली. एक वीस-बावीस वर्षांचा मुलगा मात्र मागे रेंगाळत होता. मला वाटलं, औषधाची मात्रा विचारायची असेल. त्याने खिशातून मोबाईल काढला आणि एक गाणं लावलं.

"साहेब, गिटार मीच वाजवलीय, गाणंबी माझंच. पण यूट्यूबवरची गाणी कशी भरीव येतात, आणि माझं पत्र्याच्या डब्यातून आल्यावानी. शहरातला स्टुडिओवाला म्हणतो, मिक्सिंग-मास्टरिंग करून देतो. पण एका गाण्याचे पैसे सांगतो, तेवढ्यात खताच्या चार गोण्या येतील. हे आपलं आपल्याला शिकता येतं का?"

मी म्हणालो, येतं. त्याला बांधावर बसून जे सांगितलं, तेच आज सविस्तर लिहीत आहे.

माझी चूक आधी सांगतो

मी काही संगीतातला जाणकार नाही. कृषी पदविकेला असताना वसतिगृहात खोलीतल्या मित्राकडे एक जुनी गिटार होती. तिच्यावर चार सूर शिकलो, ते आजवर पुरले. मिक्सिंग शिकलो ते मात्र हौसेने नाही, एका चुकीने शिकलो.

माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, गावच्या भजनी मंडळात गायचे. पहाडी आवाज. माइक नसला तरी वेशीपर्यंत ऐकू जायचा. २०१८ च्या आषाढी एकादशीला मी देवळातलं भजन मोबाईलवर रेकॉर्ड केलं. मोबाईल कुठं ठेवला? तर पखवाजापासून हातभर अंतरावर, कारण तिथे पाट रिकामा होता. देवळात गुळगुळीत फरशी, वर पत्र्याचा मंडप. पखवाजाची थाप पडली की आवाज फाटायचा, आणि तात्यांनी वरचा सूर लावला की चिरकायचा. त्या वेळी मी ते ऐकूनही पाहिलं नाही. म्हटलं, पुढच्या वर्षी पुन्हा करू.

२०२० मध्ये तात्या गेले. त्यांच्या आवाजाचं तेवढं एकच रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे.

ते सुधारून घ्यावं म्हणून एका शहरातल्या स्टुडिओत दिलं. पैसे मोजले. परत मिळालं ते इतकं मोठ्याने आणि इतकं टोकदार, की आईने अर्ध्या मिनिटात बंद करायला लावलं. मग एक जुना लॅपटॉप घेतला आणि रात्री बसून स्वतः शिकायला लागलो. दोन वर्षं गेली. जे शिकलो त्याचं सार एका म्हणीत आहे: आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? रेकॉर्ड करताना जे गेलं, ते नंतर कितीही मशागत केली तरी परत येत नाही.

मिक्सिंग म्हणजे काय, मास्टरिंग म्हणजे काय

समजा तुम्ही गिटार एकदा रेकॉर्ड केली, आवाज वेगळा केला, टाळ वेगळा केला. प्रत्येकाची एक पट्टी झाली. तिला ट्रॅक म्हणतात. या पट्ट्या एकमेकींच्या आड न येता एकत्र ऐकू याव्यात म्हणून कमी-जास्त करणं, याला मिक्सिंग म्हणायचं. सगळं जुळल्यावर तयार झालेलं एक गाणं बाजारात नेण्याजोगं करणं, म्हणजे मास्टरिंग. कांद्याच्या भाषेत सांगायचं तर मिक्सिंग ही शेतातली मेहनत आणि मास्टरिंग ही प्रतवारी. घोडेगावच्या मार्केटला नेण्याआधी कांदा निवडतो, पात कापतो, एकसारखा माल एका गोणीत भरतो, तसं. प्रतवारीने सडका कांदा चांगला होत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मिक्सिंग नवीन आहे असंही समजू नका. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानचं गाणं ग्रामोफोन कंपनीने तबकडीवर उतरवलं. तेव्हा विजेचा माइक नव्हता, एक मोठा कर्णा असायचा. गाणाऱ्याने कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि मोठ्या आवाजाच्या वाद्याने मागे बसायचं. कोण किती अंतरावर, हेच त्या काळचं मिक्सिंग. आपल्या भजनातही तेच चालतं. विणेकरी मध्ये, टाळकरी डाव्या-उजव्या बाजूंना दोन रांगांत, मृदंगवाला आपल्या ठरलेल्या जागी. कुणी नकाशा काढून दिला नव्हता, पण शेकडो वर्षांच्या अनुभवाने प्रत्येकाची जागा ठरली. मोबाईल कुठे ठेवायचा एवढंच मला ठरवायचं होतं, आणि तेच चुकलं.

अरणगावचा धागा

गिटार, घरचं रेकॉर्डिंग आणि आपला नगर जिल्हा यांचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. संबंध आहे. दौंड रस्त्यावरचं अरणगाव तुम्हाला माहीत आहे. तिथल्या मेहेराबादला मेहेरबाबांची समाधी आहे. १० जुलै १९२५ पासून ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत त्यांनी मौन पाळलं. दर वर्षी अमरतिथीला तिथे देशोदेशीची माणसं येतात.

त्यांच्या परदेशी अनुयायांपैकी एक म्हणजे इंग्लंडचा पीट टाउनशेंड, 'द हू' या गाजलेल्या बँडचा गिटारवादक. १९७१ सालच्या त्यांच्या एका प्रसिद्ध गाण्याचं नाव 'बाबा ओ'रायली'. त्यातला 'बाबा' म्हणजे आपले अरणगावचे मेहेरबाबा. या माणसाची सवय अशी, की बँडकडे जाण्याआधी गाणं घरी एकट्याने रेकॉर्ड करायचं: गिटार स्वतः, आवाज स्वतः, बाकीचंही जमेल तसं स्वतः. 'बाबा ओ'रायली'च्या सुरुवातीला जे ऑर्गन घुमतं, ते मुळात त्याने घरीच वाजवून ठेवलेलं होतं. पुढे तेच बँडच्या गाण्यात वापरलं. १९७२ साली त्याची एक तबकडी आली, 'हू केम फर्स्ट'. बरीचशी घरीच रेकॉर्ड केलेली. त्यात मेहेरबाबांच्या 'परवरदिगार' या प्रार्थनेवरून केलेलं गाणं आहे. १९८३ साली तर त्याने घरच्या जुन्या रेकॉर्डिंगचीच 'स्कूप' नावाची तबकडी काढली.

दुसरं उदाहरण अमेरिकेचं. ब्रूस स्प्रिंगस्टीन या गायकाने १९८२ च्या जानेवारीत घरातल्या एका खोलीत, चार ट्रॅकच्या साध्या कॅसेट यंत्रावर, गिटार आणि तोंडाची बाजाची पेटी घेऊन गाणी रेकॉर्ड केली. ती कच्ची समजून पुढे बँड घेऊन स्टुडिओत पुन्हा करून पाहिली. पण कॅसेटमध्ये जो जीव होता तो तिथे येईना. शेवटी त्या कॅसेटवरूनच 'नेब्रास्का' ही तबकडी निघाली. मात्र कॅसेटवरचा आवाज तबकडीवर उतरवताना मास्टरिंगवाल्यांना फार त्रास झाला. म्हणजे दोन्ही गोष्टी खऱ्या: साध्या यंत्रावरही अस्सल काम होतं, आणि रेकॉर्डिंगमधला कच्चेपणा शेवटपर्यंत पाठ सोडत नाही.

त्या चार ट्रॅकच्या यंत्रापेक्षा आज तुमच्या हातातल्या मोबाईलची ताकद मोठी आहे. मोबाईलवर 'बँडलॅब' फुकट मिळतं. संगणकावर 'ऑडॅसिटी' फुकट आहे. 'रीपर' ६० दिवस वापरून पाहता येतं, नंतर त्याचा परवाना घ्यावा लागतो. पैशाअभावी अडलं, असं आता म्हणता येणार नाही.

आधी जमीन तयार करा

पहिलं काम खोलीचं. पत्र्याची खोली, उघड्या गुळगुळीत भिंती आणि फरशी असेल तर आवाज आपटून परत येतो. तोच तो डब्यातला आवाज. भिंतींना गोधड्या टांगा, खाली सतरंजी अंथरा. धान्याच्या गोण्या रचलेली खोली चांगली. आणि शेवगाव-पाथर्डीकडे भाव वाढेल म्हणून घरात कापूस साठवलेला असतो ना? ती खोली तर सोन्यासारखी. कापूस आवाज पिऊन टाकतो. फक्त अंगाला खाज सुटते, ती सोसावी लागते. आणि तिथे विडी-काडी, उघडी वायर, तापणारा चार्जर बिलकूल नको. बॅटरीवर चालणारं साधन तेवढंच आत न्या. गाणं होईल, पण वर्षाचं पीक जळेल असं करू नका.

दुसरं, वेळ. शेजारच्या विहिरीवर मोटर चालू असेल तर तिची घरघर रेकॉर्डिंगमध्ये बसते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ५० आणि १०० हर्ट्झच्या आसपास एक गुणगुण येते. लॅपटॉप चार्जरला लावला की ती कधीकधी वाढते. रेकॉर्ड करताना चार्जर काढा. लाइट कधी येते-जाते त्याचं वेळापत्रक तुम्हाला पाठ असतंच, त्याप्रमाणे शांत वेळ धरा.

तिसरं, माइकची जागा. नवखा माणूस माइक गिटारीच्या भोकासमोर धरतो. तिथे आवाज घुमतो आणि नुसता ढब-ढब येतो. गिटारीच्या दांडीवर बारावी पट्टी जिथे आहे, त्याच्या समोर साधारण वीतभर ते फूटभर अंतरावर माइक किंवा मोबाईल ठेवा. मग एक बोट इकडे, एक बोट तिकडे सरकवून दर वेळी अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ऐका. या दहा मिनिटांत जो फरक पडतो, तो पुढे दहा तास बसूनही पडत नाही.

चौथं, आणि सर्वांत महत्त्वाचं: आवाजाची पातळी. ती डेसिबलमध्ये मोजतात. संगणकात शून्य डेसिबल म्हणजे बांधाची कड. पाणी त्याच्या वर गेलं की बांध फुटलाच. आवाजाचा वरचा भाग कापला जातो आणि फाटका ऐकू येतो. म्हणून सर्वांत मोठ्याने वाजवून-गाऊन पाहा आणि काटा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहील असं ठेवा. लाल दिवा लागता कामा नये. आवाज लहान वाटला तर वाटू द्या, तो नंतर वाढवता येतो. सेटिंगमध्ये २४ बिट हा पर्याय असेल तर तो निवडा. तात्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये मी नेमका हाच बांध फोडला होता. फाटका आवाज शिवणारी साधनं आता मिळतात, पण ती ठिगळ लावतात. मूळ कापड परत आणत नाहीत.

आणखी एक. आधी वाजवलेल्या गिटारीवर नंतर आवाज चढवणार असाल, तर वायरचा हेडफोन घ्या. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो आणि ताल चुकतो. कितीतरी मुलं स्वतःला बेताल समजून नाराज होतात. दोष त्यांचा नसतो, हेडफोनचा असतो.

मिक्सिंग: विरळणी आणि दारं धरणं

बाजरी दाट झाली तर आपण काय करतो? खत वाढवत नाही, विरळणी करतो. मिक्सिंगचंही तेच आहे. नवखा माणूस प्रत्येक गोष्ट वाढवत जातो. गिटार ऐकू येईना म्हणून गिटार वाढवली, मग आवाज दबला म्हणून आवाज वाढवला, मग टाळ. शेवटी सगळं बांधापर्यंत येतं आणि काहीच नीट ऐकू येत नाही. क्रम असा ठेवा.

१) साफसफाई: सुरुवातीचा खोकला, शेवटची खुर्चीची करकर, मधली कुत्र्याची हाक कापून टाका. मूळ फाईल मात्र वेगळी जपून ठेवा. काम तिच्या प्रतीवर करा.

२) पातळी: सगळे ट्रॅक खाली ओढा. गाण्यात मुख्य कोण, ते ठरवा. गाणं असेल तर आवाज मुख्य. तो आधी वर घ्या. मग हळूहळू गिटार वाढवा. शब्द कळेनासा होतो त्याच्या थोडं आधी थांबा. हे रात्रीचं दारं धरण्यासारखं आहे. एका वाफ्याचं दारं उघडं राहिलं की पुढचा वाफा कोरडा राहतो. निम्म्याहून अधिक मिक्सिंग एवढ्यातच होतं. पुढचं सगळं यानंतर.

३) जागा: आवाज मधोमध ठेवा. गिटार दोन वेळा वेगवेगळी वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे द्या. टाळकऱ्यांच्या दोन रांगा आठवा. एकदाच वाजवलेली गिटार कॉपी करून दोन्हीकडे लावली तर फक्त आवाज वाढतो, रुंदी येत नाही.

४) ईक्यू: ही खुरपणी. गिटार आणि आवाज यांच्या ट्रॅकमधला ८० हर्ट्झच्या खालचा भाग बहुधा नुसती घरघर असतो, तो काढा. २०० ते ४०० हर्ट्झच्या दरम्यान दोघांची गर्दी होते आणि गाणं चिखलात रुतल्यासारखं वाटतं. तिथे गिटार दोन-तीन डेसिबलने कमी करून पाहा. शब्दांचा स्पष्टपणा २००० ते ५००० हर्ट्झमध्ये असतो. तिथे गिटार आड येत असेल तर तीही जरा मागे घ्या. हे आकडे म्हणजे शिफारस आहे. माती बघून जशी मात्रा बदलतो तशी इथे कानाने बदलायची.

५) कॉम्प्रेसर: गाताना एक शब्द मोठा, एक बारीक येतो. कॉम्प्रेसर मोठ्याला खाली आणून पातळी जुळवतो. हे रान लेव्हल करण्यासारखं आहे. पण लेव्हलच्या नादात उंचवटा फार खोल कापला, तर वरची काळी माती जाते आणि मुरूम उघडा पडतो. मग तिथे काय उगवणार? म्हणून दोनास एक किंवा तिनास एक एवढंच प्रमाण ठेवा आणि मोठ्या जागी तीन-चार डेसिबलच कमी होऊ द्या. गाणाऱ्याचा चढ-उतार हाच गाण्याचा जीव असतो.

६) रिव्हर्ब: म्हणजे घुमारा. भाजीतल्या मिठासारखा घाला. आहे हे कळू नये, काढल्यावर मात्र चुकल्यासारखं वाटावं.

कानाची काळजी घ्या. मिक्सिंग हळू आवाजात करा. मोठ्या आवाजात सगळंच चांगलं वाटतं, हा कानाचा गुण आहे, गाण्याचा नव्हे. तासाभराने उठा, गोठ्यात चक्कर मारून या. रात्री जुळवलेलं गाणं सकाळी ताज्या कानाने ऐका. आणि आपल्याच प्रकारचं एखादं चांगलं गाणं शेजारी ठेवून, दोन्हींचा आवाज सारखा करून, तुलना करा.

मास्टरिंग: अति तेथे माती

आता प्रतवारी. यात करायचं थोडंच असतं. सुरुवात-शेवट नीट करणं, एकंदर पातळी योग्य करणं, दोन-चार गाणी असतील तर ती एकसारख्या आवाजाची करणं. इथेच लोक सर्वांत जास्त फसतात. "माझं गाणं सगळ्यांपेक्षा मोठं वाजलं पाहिजे." माझ्या तात्यांच्या रेकॉर्डिंगचं त्या स्टुडिओत हेच झालं होतं. मोठं करण्याच्या नादात सगळे चढ-उतार ठेचून सपाट केले होते.

गंमत अशी की याचा आता उपयोगही होत नाही. गाणं सरासरी किती मोठं ऐकू येतं ते मोजायचं एक माप आहे, त्याला एलयूएफएस म्हणतात. यूट्यूब आणि स्पॉटिफाय साधारण उणे १४ ही पातळी धरून चालतात. त्याहून मोठं गाणं दिलं तर ते स्वतःच त्याचा आवाज खाली करतात. म्हणजे तुम्ही गाणं ठेचून मोठं केलं, त्यांनी ते लहान केलं. ठेचलेलं ते ठेचलेलंच राहिलं! म्हणून उणे १४ च्या आसपास राहा, आणि सर्वांत वरचं टोक उणे १ डेसिबलच्या पुढे जाऊ देऊ नका. पक्की प्रत वेव्ह फाईलमध्ये ठेवा, वाटायला एमपी थ्री करा.

मग गाणं चार ठिकाणी ऐका: मोबाईलवर, हेडफोनवर, ट्रॅक्टरच्या टेपवर आणि जमलं तर देवळाच्या कर्ण्यावर. मोबाईल आणि कर्णा यांतून खालचे सूर जवळजवळ येतच नाहीत. तरीही शब्द आणि चाल कळत असेल, तर तुमचं मिक्स पास.

आईने केलेलं मिक्सिंग

तात्यांचा आवाज हातून निसटला, म्हणून मग आईकडे वळलो. तिला जात्यावरच्या ओव्या येतात. जातं पडवीत पडून आहे, दळण गिरणीत जातं. पण ओव्या तिच्या तोंडात आहेत. "मला कशाला रेकॉर्ड करतो बाळा, मी काय लता मंगेशकर आहे?" असं म्हणत ती कापसाच्या खोलीत येऊन बसली.

आधी एकट्या तिचा आवाज घेतला. ठोका लावला नाही, कारण ओवी जात्याच्या गतीने चालते, घड्याळाच्या नाही. मग तिची पट्टी धरून गिटारीच्या तारा सैल केल्या आणि मागून साथ वाजवली. माणसाने गिटारीच्या पट्टीत गावं हा हट्ट सोडा, गिटारीने माणसाच्या पट्टीत यावं. मिक्सिंग झाल्यावर मोठ्या अभिमानाने तिला ऐकवलं. ती दोन ओव्या ऐकून म्हणाली, "चांगलंय. पण तुझं ते वाजवणं जरा कमी कर. मला माझंच ऐकू येईना."

दोन वर्षांचं शिक्षण एका बाजूला आणि हे एक वाक्य एका बाजूला. गिटार चार डेसिबलने खाली घेतली. गाणं जागेवर बसलं.

त्याच रात्री तात्यांचं रेकॉर्डिंग पुन्हा उघडलं. आधीची सगळी करामत काढून टाकली. फक्त खालची घरघर कापली, पखवाजाचा भाग जरासा दाबला, आणि थांबलो. आवाज अजून चिरकतो. आई म्हणाली, "चिरकला तर चिरकला, माणूस तर तोच आहे." ते आता तसंच ठेवलं आहे.

गावाने काय करावं

पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पोइतेवां यांनी अनेक वर्षं गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. नव्वदच्या दशकात त्यांतल्या कितीतरी बर्नार्ड बेल यांच्या मदतीने ध्वनिमुद्रित झाल्या. २०१७ पासून 'पारी' ही संस्था त्या लोकांपुढे आणत आहे. त्यांतल्या कितीतरी गाणाऱ्या आज हयात नाहीत, पण आवाज आहे. हे काम करायला त्यांना बाहेरून यावं लागलं. आपल्या गावचं आपण करू शकतो.

सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायतीच्या भाऊसाहेबांना माझी विनंती आहे. गावात गिटार किंवा कीबोर्ड वाजवणारा, रात्री मोबाईलवर गाणी करणारा एक तरी मुलगा किंवा मुलगी असते. त्यांना "रिकामटेकडे" म्हणण्याऐवजी काम द्या. भजनी मंडळातले जुने गवई, ओव्या येणाऱ्या आज्या, वाघ्या-मुरळी, गोंधळी, अकोल्याकडच्या आदिवासी पाड्यांवरची नाचाची गाणी, यांची यादी करा. शाळा सुटल्यावर एखादा वर्ग द्या, चार गोधड्या द्या. गाणाऱ्याची परवानगी घ्या. रेकॉर्डिंगवर नाव, गाव, तारीख नोंदवा आणि एक प्रत ग्रामपंचायतीत, एक वाचनालयात, एक त्या घरात ठेवा. एकाच मोबाईलवर ठेवाल तर मोबाईलबरोबर जाईल. यातून पोरं मिक्सिंग शिकतील आणि गावाचा आवाज गावात राहील.

शेवगावच्या त्या मुलाचा परवा फोन आला. गाणं डब्यातून बाहेर आलं म्हणाला. गोधड्या टांगल्या, माइक सरकवला, बाकी अजून काही केलंच नाही. मी विचारलं, घरात म्हातारं माणूस कोण आहे? म्हणाला, आजोबा आहेत, तुणतुणं वाजवायचे. म्हटलं, मग तुझं गाणं पुढच्या आठवड्यात कर, आधी त्यांचं कर. आणि काटा उणे सहाच्या वर जाऊ देऊ नकोस.

तुम्हालाही तेच सांगणं आहे. पेरणीला जसा वापसा असतो, तसा यालाही असतो. तो निघून गेला की पुढच्या वर्षी येईलच, याची खात्री नाही.